कोपर कुठंय?

जानेवारी लागला की बोरीतले दुकानदार एका माणसाला टाळू लागतात. कृषी सेवा केंद्रवाल्यांनी शिवकाशीहून छापून आणलेली कॅलेंडरं वाटायला काढलेली असतात. वर लक्ष्मी, खाली खताबियाण्यांची नावं, कोपऱ्यात प्रोप्रायटरचा पासपोर्ट साइज फोटो. बाकीचं गिऱ्हाईक गुंडाळी काखेत मारून चालू पडतं. हा गडी दुकानाच्या पायरीवरच गुंडाळी उलगडतो, चष्मा कपाळावर चढवतो, कॅलेंडर आधी हातभर लांब धरतो, मग नाकाला लावतो आणि विचारतो, "शेठ, हिचं कोपर कुठंय?"

शेठ युरियाची पावती फाडत असतात. "पेंटर, लक्ष्मीला चार हात असतात."

"असू द्या की. चार असू द्या, चाळीस असू द्या, आपली हरकत न्हाई. पण हात खांद्यातून निघाला पाहिजे का नको? हा चौथा बगा. कमळातून निघालाय."

"फुकट आहे ते कॅलेंडर."

"म्हणून देवीनं बिनकोपराचं ऱ्हायचं?"

असा माणूस गावोगाव एक तरी सापडतो. कुणी लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन तपासतो, कुणी कीर्तनकाराचं चुकलेलं कडवं मागच्या रांगेतून दुरुस्त करतो. आमच्या वाट्याला देवांच्या फोटोतल्या चुका काढणारा आला. पेंटर हे त्याचं नाव नव्हे. नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथंच राहतं. परभणीहून जिंतूरकडं जाताना झरी मागं पडली की बोरी येते. या रस्त्यावरच्या भिंतींवर एके काळी जे काही लिहिलं जाई, त्यातलं बरंचसं ह्याच्या हातचं. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, निवडणुकीतले पंजे आणि घड्याळं, शाळेच्या भिंतीवरचा भारताचा नकाशा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचा 'आईचा आशीर्वाद'. एलिमेंटरीला ब श्रेणी, इंटरमीजिएटला क. क मिळाली ती स्मरणचित्रामुळं, असं तो सांगतो. 'आठवडी बाजार' हा विषय आला होता आणि ह्यानं बाजारातल्या बैलाच्या मागच्या पायांवर इतका वेळ घालवला, की माणसं काढायची राहून गेली. परीक्षकाला बिनमाणसांचा बाजार पटला नाही. "पण पाय बरोबर होते," तो आजही म्हणतो.

मग फ्लेक्स आला आणि पेंटरचा धंदा बसला. जे अक्षर काढायला ह्याला अर्धा दिवस लागे, ते जिंतूरच्या मशिनीतून अर्ध्या तासात वाढदिवसाच्या शुभेच्छा घेऊन बाहेर पडू लागलं. तेव्हापासून पेंटर देवांच्या फोटोंना काचा आणि चौकटी बसवतो. म्हणजे दिवसभर देव त्याच्या मांडीवर असतात, आणि मांडीवर घेऊन बघितलं की प्रत्येकात काहीतरी सापडतंच. दत्ताच्या तीन तोंडांना मिळून पाच कान. कृष्णाची बासरी ओठापासून चार बोटं दूर. वाजतेय कशी, देव जाणे. शंकराच्या गळ्यातल्या नागाला शेपूटच नाही. चौकट घ्यायला गिऱ्हाईक आलं की पेंटर आधी हे सगळं ऐकवतो, मग पैसे घेतो. त्यामुळं गिऱ्हाइकं हल्ली परभणीला जाऊ लागली आहेत.

त्याची श्रद्धास्थानं वेगळी. दुकानात आतल्या भिंतीला रविवर्म्याची लक्ष्मी आहे, जुन्या छापाची, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. रविवर्म्यानं 1894 साली मुंबईत छापखाना घातला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, नंतर एका जर्मन माणसाला विकला गेला. हे सगळं पेंटरला तारीखवार पाठ आहे. त्याही आधी, 1878 साली, पुण्यात चिपळूणकरांच्या पुढाकारानं चित्रशाळा निघाली आणि मराठी घरांच्या भिंतींवर छापील देव चढू लागले. चित्रकार मुळगावकरांबद्दल तो बोलतो तेव्हा आवाज खाली आणतो. एस. एम. पंडितांबद्दल तर छाती काढून बोलतो. "गुलबर्ग्याचा माणूस. म्हंजी आपल्याच निजामाच्या मुलखातला. त्यांच्या देवाच्या दंडावर चिमटा काढा, कळ येईल." ह्या चौघांच्या पलीकडं जे जे छापलं गेलं, ते सगळं पेंटरच्या लेखी शिवकाशी.

गावाचं म्हणणं असं, की पेंटर नास्तिक आहे. त्याला माझ्याकडं पुरावा नाही. तो एकादशी धरतो, मारुतीला तेल घालतो, आणि चुकीच्या फोटोलाही हात जोडतोच. फक्त जोडायच्या आधी चूक सांगतो. माझं मत असं, की गावात देवाचा फोटो खरोखर बघणारा हा एकटाच. आपण बाकीचे फोटोकडं बघत नाही, फोटोला नमस्कार करतो. उदबत्ती ओवाळून झाली की देवीच्या हातात कमळ होतं की शंख, हे शपथेवर कुणाला सांगता येत नाही.

त्याला हॉगार्थ मी दाखवला. पुढं जे झालं त्याची थोडी जबाबदारी माझ्यावर येते.

लंडनमधल्या स्ट्रँड रस्त्यावर सेंट क्लेमेंट डेन्स नावाचं चर्च आहे. तिथल्या वेदीसाठी विल्यम केंटनं एक चित्र काढलं होतं, वाद्यं वाजवणाऱ्या देवदूतांचं. विल्यम हॉगार्थ तेव्हा तिशीच्याही आतला, तांब्याच्या पत्र्यावर कोरून पोट भरणारा. 1725 साली त्यानं ह्या चित्राची हुबेहूब वाटावी अशी नक्कल कोरली, अवयवांना अक्षरं दिली आणि खाली खुलासा छापला. ह्या अक्षरापाशी हाताचा आखूड सांधा, ह्या अक्षरापाशी लांब. हा पाय आतल्या बाजूनं दिसतो, मात्र डावा की उजवा याचा शोध अजून लागलेला नाही. दुसरा पाय हार्पला जागा व्हावी म्हणून विचारपूर्वक गाळला आहे. आणि हे लहान देवदूतच आहेत, पंखांवरून ओळखावं.

मोबाइलवर हे चित्र पेंटरनं दोन बोटांनी ताणलं, पुन्हा ताणलं. आधी त्याचे खांदे हलायला लागले, मग आवाज आला. डोळे पुसून म्हणाला, "हा आपल्या लायनीतला माणूस." मग जरा गंभीर होऊन, "ह्याला धरून मारलं न्हाई का कुणी?"

मी सांगितलं, नाही. तिथले लोक प्रोटेस्टंट. देवळात चित्रं लावणं हीच त्यांना पोपकडची खोड वाटे. वेदीवरच्या चित्राची कुणी टर उडवली तर अर्ध्या गावाला बरंच वाटायचं. शिवाय त्या चित्राचं आधीच बिनसलं होतं. रोममध्ये बसून इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारा एक स्टुअर्ट राजपुत्र होता. त्याची बायको क्लेमेंटिना सोबिएस्का. चित्रातल्या देवदूताचं तोंड तिच्यासारखं आहे अशी आवई उठली. देवळात उघडउघड विरोधी पार्टीचा प्रचार! लंडनच्या बिशपनं चित्र उतरवायला लावलं.

"तोंडावरून उतरवलं? पायावरून न्हाई?" पेंटरला हे फार लागलं.

"आणि हॉगार्थचा केंटवर राग होताच. थॉर्नहिल म्हणून बुजुर्ग चित्रकार होता, हॉगार्थ त्याच्याकडं शिकायला जायचा, पुढं त्याचीच पोरगी पळवून लग्न केलं. केन्सिंग्टन राजवाड्याचं छत रंगवायचं काम थॉर्नहिलला मिळणार होतं, ते केंटनं दर पाडून घेतलं."

"फ्लेक्सवाला!" पेंटर ओरडला. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं.

त्या दिवसापासून केंट हा त्याचा वैरी झाला आणि हॉगार्थ हा चुलतभाऊ. 1737 साली हॉगार्थनं टोपणनावानं एका वर्तमानपत्रात लिहिलं होतं, की परदेशातून हे व्यापारी मेलेले ख्रिस्त, पवित्र कुटुंबं आणि मॅडोना जहाजं भरभरून आणतात आणि आपल्या लोकांच्या गळ्यात मारतात. हे ऐकल्यावर पेंटरनं एकच शब्द उच्चारला: "शिवकाशी." काळ नावाचा दाढीवाला म्हातारा एका चित्रावर पाइपचा धूर सोडून त्याला जुनं बनवतोय, असंही एक चित्र हॉगार्थनं 1761 साली कोरलं; शेजारी व्हार्निशचं भलंमोठं भांडं. पेंटरनं ते छापून आणलं आणि रविवर्म्याच्या खाली चिकटवलं. मराठीतही अशी परंपरा आहे म्हणून मी शं. वा. किर्लोस्करांच्या 'टाकांच्या फेकी' ह्या व्यंगचित्रांचं नाव काढलं. त्यानं ऐकून घेतलं. "ते बुवाला हाणायचे," तो म्हणाला. "बुवाला हाणणारे लई हैत. कोपर बगणारा एकच."

इथवर ठीक होतं. घोळ झाला व्हॉट्सॲपवर. गावच्या ग्रुपवर रोज सकाळी सहाला कुणीतरी देव टाकतो, आणि हल्ली हे देव संगणक स्वतःच काढतो. ढगात ऊन, देवाच्या गालावर तेल लावल्यासारखी चकाकी, मागं ताजमहालासारखं काहीतरी. एका एकादशीला विठोबा आला. त्याचे हात कमरेवर नव्हते. एक हात आशीर्वादाला वर, दुसऱ्यात कमळ. अठ्ठावीस युगं ज्यानं कमरेवरचे हात हलवले नाहीत, त्यानं ते एका रात्रीत हलवले होते, आणि खाली त्रेचाळीस जणांनी हात जोडले होते. पेंटरनं ते चित्र उतरवून घेतलं, नातवाकडून त्यावर अ, आ, इ अशी अक्षरं घालून घेतली आणि हॉगार्थी खुलाशासह परत ग्रुपवर टाकलं. अ: हा पंढरपूरचा नव्हे, पत्ता चुकला आहे. आ: कंबर, हातांची वाट बघत आहे. इ: सहावं बोट, वारकऱ्यांच्या सोयीसाठी. ई: वीट, दिसत नाही, ट्रॅक्टर आल्यावर मिळेल.

दुपारपर्यंत पेंटर ग्रुपबाहेर होता. संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक बसली.

"देवाची टिंगल करता तुम्ही," एक वयस्कर अण्णा म्हणाले.

"देवाची कामून करीन? मशिनीची केली."

"फोटो देवाचाच होता ना?"

पेंटर थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानं सगळ्यांना देवळाकडं पाठ करून बसायला सांगितलं आणि विचारलं, "आत मारुतीचा जो मोठा फोटो हाय, तीस-एक वर्षं झाली लावून, त्यात डोंगर कोणत्या हातात हाय? उजव्या का डाव्या?"

अर्धी बैठक उजव्या म्हणाली, अर्धी डाव्या. दोन मिनिटांत आवाज चढले. उजव्यावाल्यांनी शास्त्र काढलं, डाव्यावाल्यांनी आपल्या आजोबांचा हवाला दिला, एकानं दुसऱ्याच्या सोयाबीनच्या बांधाचा विषय मधेच आणला. शेवटी अण्णा उठून आत गेले, बॅटरी मारून बराच वेळ बघत राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "कोणत्याच न्हाई."

खरंच. डोंगर तळहाताच्या वर वीतभर, हवेतच. उजव्या हातात गदा, डावा हात रिकामा, आणि डोंगर आपल्या आपण मारुतीच्या बरोबर चाललेला. तीस वर्षं गाव त्याला नमस्कार करत होतं.

मी मधे पडून हॉगार्थचा दाखला दिला. त्यानंही एकदा असंच अति केलं होतं. व्यासपीठावर प्रवचनकार, त्याच्या एका हातात देवाची बाहुली, एका हातात सैतानाची, आणि त्या सगळ्या पवित्र बाहुल्या राफाएल-रेम्ब्रांट ह्या थोरांच्या चित्रांवरून उचललेल्या. पण ते चित्र त्यानं बाजारात आणलं नाही. 1762 साली तोच पत्रा पुन्हा कोरला; देवाच्या बाहुल्या गेल्या, त्यांच्या जागी चेटकीण आली, आणि आपल्याला ससे झाले असं सांगून सगळ्या इंग्लंडला फसवणारी गोडालमिंगची बाईही आली.

"म्हंजी देव काढला आन् चेटकीण घातली," अण्णा म्हणाले. "मग चालतंय."

बैठकीनं दंड असा ठोठावला, की एवढं कळतं तर देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर पेंटरनं मारुती काढावा. रंगाचे डबे गावाचे.

परतताना पेंटरनं हळूच विचारलं, "त्या हॉगार्थला कुणी देवळात काम दिलं का पुढं?"

"दिलं ना. ब्रिस्टलच्या चर्चसाठी 1756 साली तीन प्रचंड चित्रं. सव्वापाचशे पौंड मिळाले."

"मला दोन टाइमचा चहा ठरलाय," तो म्हणाला. पण चालण्यात फरक पडला होता.

महिनाभर तो शिडीवर होता. आधी भिंतीवर चौकडी आखली, मग तालमीतल्या एका पोराला भर उन्हात डाव्या हातावर पाण्याची घागर तोलून उभं केलं. पोराचा हात थरथरू लागला की पेंटर खुश. दंडाची शीर तेव्हाच दिसते म्हणे. डोंगर तळहातावर असा टेकवला, की बोटांच्या पेरांवर त्याचं वजन दिसावं. शेपटी पाठीच्या कण्याच्या शेवटच्या मणक्यातून निघते हे दाखवण्यासाठी लंगोटाची गाठ तीन वेळा खोडली. कोपर तर असं काढलं, की बघणाऱ्यानं आपलंच चाचपून बघावं. म्हाताऱ्या बाया लांबूनच हात जोडून पुढं सरकत. "लई पैलवान दिसायलाय बाई," एक आजी म्हणाली, "नवस बोलावा का कुस्ती लावावी?"

आणि मग तोंड. तोंडासाठी कुणाला उभं करणार? ते त्यानं स्मरणातून काढलं. स्मरणचित्रानं त्याला दुसऱ्यांदा दगा दिला तो इथं. देवळाच्या समोर, रस्त्यापलीकडं, एक फ्लेक्स महिनाभर लागलेला होता. एका गटाच्या होतकरू पुढाऱ्याचा वाढदिवस, 'भावी सरपंच', जोडलेले हात, जाड भुवया, ओठ न उघडता हसू. शिडीवरून मान वळवली की पेंटरला रोज तेच दिसायचं. मारुतीचं तोंड वानराचं, त्यात माणूस दिसणं सोपं नाही. तरी दिसला. त्याच भुवया, तेच बंद ओठांचं हसू.

पहिल्यांदा पोरांच्या लक्षात आलं, मग दुसऱ्या गटाच्या. निवडणूक दोन महिन्यांवर. देवळाच्या भिंतीवर प्रचार चाललाय म्हणून बोंब उठली. भावी सरपंचांनी स्वतः काही हरकत घेतली नाही. ते सकाळ-संध्याकाळ दर्शनाला येऊ लागले आणि चित्राशेजारी त्याच कोनात उभे राहू लागले. त्यानं प्रकरण आणखी चिघळलं. एका गटानं सांगितलं चुना फासा, दुसऱ्यानं सांगितलं हात लावून दाखवा. पेंटर दोन्ही गटांना कोपराकडं बघायची विनंती करत होता. कोपराकडं कुणीच बघेना.

मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो चौकटीला खिळे ठोकत होता. "मला हॉगार्थ म्हणून चढवलं शिडीवर," तो म्हणाला, "आन् उतरवलं केंट करून."

त्याला बरं वाटावं म्हणून मी आणखी एक गोष्ट सांगितली. हॉगार्थनं संत पॉलचं एक मोठं गंभीर चित्र केलं होतं, 1748 साली, लंडनच्या वकिलांच्या सभागृहासाठी. तीन वर्षांनी त्याच विषयाची त्यानं स्वतःच टर उडवली. पॉल एवढा ठेंगणा की स्टुलावर उभा, सैतान त्या स्टुलाचा पाय करवतीनं कापतोय, राखणदार देवदूत झोपलेला. "तुम्हीही तुमच्या मारुतीला अक्षरं घाला," मी म्हणालो. पेंटरनं तोंडातला खिळा काढला. "त्याच्या पॉलला मतं नव्हती मागायची," तो म्हणाला आणि खिळा पुन्हा तोंडात धरला.

आचारसंहिता लागली तसा तोडगा निघाला. मतदान होईपर्यंत चित्र झाकायचं. पण मारुतीवर नुसतं फडकं टाकणं बरं दिसत नाही म्हणून दोन्ही गटांनी वर्गणी काढून जिंतूरहून एक भलामोठा फ्लेक्स आणवला. मारुतीचाच. संगणकानं काढलेला, ढगात ऊन, गालावर चकाकी. पेंटरच्या मारुतीवर तो चारी बाजूंनी सुतळीनं ताणून बांधला. आज्या आता जवळ जाऊन टेकतात.

भावी सरपंच पडले. भुवयांचं साम्य त्यानंतर कुणाला आठवलं नाही, आणि फ्लेक्स सोडायचंही कुणाला आठवलं नाही. चांगला आहे, पावसानं खराब होत नाही, असं अण्णांचं मत पडलं.

परवा पेंटर माझ्याकडं आला. चहा झाल्यावर म्हणाला, "तुमच्या त्या केंटचं पुढं काय झालं?"

"चांगलं झालं. चित्रापेक्षा बांधकामात आणि बागांत जास्त रमला. बड्या लोकांचे वाडे बांधले. आज त्याचं नाव निघतं ते बागांसाठी. आखीव वाफे मोडून झाडं, हिरवळ, पाणी मोकळं सोडण्याची इंग्लंडमधली पद्धत रुजवणाऱ्यांत त्याला मोजतात."

पेंटरनं कप खाली ठेवला. "बागेला पाणी लागतं," तो म्हणाला. "आपल्याकडं मार्चात हांड्यांची रांग लागते. ते काय आपल्याला जमायचं न्हाई." मग उठता उठता, "उद्या दुपारी मोबाइल घेऊन या. फ्लेक्सवरल्या मारुतीच्या डाव्या हाताची बोटं मोजायचीत. मला सात भरली, पण ऊन डोळ्यावर होतं."